पाच छिद्रं आणि एक नाणं : रायफलचा नेम आणि आपला खानदेश

खानदेशातल्या बहुतेक मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा रायफल येते ती एनसीसीत. पॉइंट बावीसची रायफल, पोटावर झोपून पाच गोळ्या, समोर पंचवीस मीटरवर कागद. फायर संपला, उस्ताद कागद घेऊन आले, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मध्ये किती लागल्या? जाणते उस्ताद मध्याकडे आधी बघतच नाहीत. खिशातलं नाणं काढतात आणि पाचही छिद्रं त्याखाली झाकली जातात का ते पाहतात. याला ग्रुपिंग म्हणतात. छिद्रं कागदाच्या कोपऱ्यात पडली तरी चालतात, पण ती एकमेकांना चिकटून हवीत. चिकटलेली छिद्रं साइटचे दोन-चार क्लिक फिरवून मध्यात आणता येतात. विखुरलेल्या छिद्रांवर कुठलाच क्लिक चालत नाही.

रायफलचा नेम सुधारायचा म्हणजे आधी हा पसारा आवरायचा. पसारा होतो कशाने? नळीने, गोळीने, वाऱ्याने की माणसाने? आणि तो आवरायला शिकवणारी जागा पाचोरा, भडगाव, चाळीसगाव अशा गावांत का असू नये? हे दोन प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे वाटत नाहीत.

आधी नळी पाहू. ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रमने १८२५ साली खानदेशातली भिल्ल पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं केलं. त्या काळच्या पायदळाच्या हाती गुळगुळीत नळीची बंदूक असे. गोळी नळीपेक्षा जराशी लहान, त्यामुळे ती आत आपटत आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्या बाजूला जाई. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. रायफलच्या नळीत आतून पिळाचे खाचे पाडलेले असतात. गोळी त्यात घट्ट बसते, स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि त्या फिरण्यामुळे तिचं तोंड स्थिर राहतं. आजच्या पॉइंट बावीस रायफलमध्ये साधारण चाळीस सेंटिमीटरमध्ये एक फेरा इतका हा पीळ असतो.

रायफल किती अचूक असू शकते हे जगाने १८६०च्या जुलैमध्येच पाहिलं होतं. लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली आणि व्हिक्टोरिया राणीने उद्घाटनाची गोळी झाडली. व्हिटवर्थ बनावटीची रायफल लोखंडी घडवंचीवर आधीच रोखून घट्ट बसवली होती. राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही नळीचं काम जवळजवळ चोख झालेलं होतं, आणि उरलेलं सगळं काम घडवंचीचं होतं. स्पर्धेतल्या नेमबाजाला ती घडवंची आपल्या हाडांची करावी लागते.

आता आकडे पाहू, कारण या खेळातली बारकी गंमत आकड्यांतच आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्या अडीच मिलिमीटरचेही दहा भाग पाडतात, आणि अगदी मधोमध बसलेल्या छर्ऱ्याला १०.९ मिळतात. साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं, कमाल ६५४ गुण. दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळ बारीक भोकाची मागची साइट, पुढे नळीच्या टोकाला कडी, आणि त्या कडीत लक्ष्याचा काळा गोल. या दोन साइटमधलं अंतर पाऊण मीटर धरलं, तर पुढची कडी भोकाच्या मध्यापासून दोन दशांश मिलिमीटर सरकली की दहाचा नऊ होतो. दोन-तीन केसांची जाडी, बस्स. म्हणूनच प्रशिक्षक सांगतात, आधी कडी भोकात मधोमध आहे ना ते बघ, काळ्या गोलाकडे नंतर. नवशिक्याचा जीव मात्र काळ्या गोलातच अडकलेला असतो.

उभं राहून धरायची ही रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. दंडाच्या जोरावर ती धरू गेलं तर अर्ध्या मिनिटात थरथर सुरू होते. म्हणून ती स्नायूंवर तोलायचीच नाही. पाय खांद्याइतके फाकवून, लक्ष्याला जवळजवळ काटकोनात उभं राहायचं. कंबर किंचित पुढे, पाठ मागे वळलेली. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, मनगट सरळ, आणि रायफलचं ओझं कोपरातून कमरेत, कमरेतून पायात, पायातून जमिनीत. कॅनव्हास आणि चामड्याचं जाड जाकीट, ताठ विजार, सपाट तळाचे बूट या सगळ्यांचं काम पाठीला आधार देण्याचं. ते किती जाड आणि किती कडक असावेत याचेही कडक नियम आहेत.

इथे एक परीक्षा असते, आणि माझ्या मते नेम सुधारण्याची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टाळली जाणारी युक्ती हीच. रायफल लावायची, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि मग डोळे उघडायचे. कडी काळ्या गोलावरच असेल तर उत्तम. ती डावीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही. मागचा पाय चार-दोन सेंटिमीटर सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. हाताने ओढून आणलेली रायफल चाप सुटताच आपल्या मूळ जागी परत जायला निघते, आणि छर्रा तिच्याबरोबर जातो. शरीराला जी दिशा आपसूक मिळते तिच्याशी भांडण केलं की ग्रुप फाटलाच.

मग श्वास. तो कोंडायचा नाही. सोडून झाल्यावर पुढचा श्वास सुरू होण्याआधी जो नैसर्गिक विसावा येतो, तिथे थांबायचं. चांगला फायर या थांब्यातल्या सहा-आठ सेकंदांत व्हायला हवा. पुढे डोळ्यांना प्राणवायू कमी पडू लागतो, काळा गोल धूसर होतो, तरी मन म्हणत राहतं की आता सोडतोच. तेव्हा रायफल खाली घ्यायची. तयार केलेला फायर सोडून देणं हे मुलांना शिकवायला सर्वांत अवघड जातं. चापाचं पहिलं पाऊल आधीच घेऊन ठेवायचं, दुसऱ्यावर बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे, हळूहळू वाढता दाब. खटका सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, तेव्हा दहा मीटरला त्याला सेकंदाचे सहा शंभरांश लागतात. एवढा वेळ सगळं जसंच्या तसं धरून ठेवायचं, डोळा साइटमधून हलवायचा नाही.

हे सगळं छर्ऱ्याशिवाय करता येतं. रिकाम्या रायफलने घरच्या भिंतीवर ठिपका लावून सराव करतात, त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. आवाज नाही, खर्च नाही, गुणांचा धाक नाही. चाप सुटताना कडी हलली की लगेच दिसतं. मोठे खेळाडू आजही त्याला फाटा देत नाहीत.

पन्नास मीटरची रायफल हा वेगळा मुलूख आहे. तिथे गोळी येते, वारा येतो, ऊन येतं. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. स्पर्धेची गोळी आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. लक्ष्यापर्यंत पोचायला सुमारे ०.१६ सेकंद, आणि तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली येते. साइट लावताना हे आधीच हिशेबात धरलेलं असतं, म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. पण एखादी गोळी जरा संथ निघाली तर ती खाली पडते, जरा जोरात निघाली तर वर. म्हणून मोठे खेळाडू गोळ्या नुसत्या विकत घेत नाहीत, निवडून घेतात. इंग्लंडच्या एली किंवा जर्मनीतल्या लापुआच्या चाचणी-दालनात आपली रायफल शिकंज्यात आवळून एकेका लॉटचा ग्रुप काढतात, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो त्याच्या पेट्या उचलतात. दोन सारख्या दिसणाऱ्या नळ्यांनाही एकच लॉट मानवेल असं नाही.

गोळीच्या कारखान्यासाठी आपल्या जिल्ह्याला लांब पाहायला नको. भुसावळच्या पुढे वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना सैन्याच्या लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवतो. सैन्याच्या गोळीने चिखलात, थंडीत, उन्हात हुकमी सुटायला हवं. स्पर्धेच्या गोळीने फक्त शेजारच्या गोळीसारखं असायला हवं. दोन्ही कामं कसबाची, पण कसब वेगळं. जिल्ह्यात दारूगोळा ओळखणारे कामगार आहेत, एनसीसीचे निवृत्त उस्ताद आहेत, आणि तरी या खेळाला इथे घर नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

वाऱ्याचं गणित तर फसवंच. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर गोळीला अंदाजे दोन-अडीच सेंटिमीटर सरकवतो, म्हणजे दहावरून सरळ नवाच्याही बाहेर. शिवाय गोळी उजवीकडे फिरत जात असेल तर उजवीकडून आलेला वारा तिला डावीकडे आणि थोडं वर ढकलतो. डावीकडून आलेला, उजवीकडे आणि थोडं खाली. म्हणून रेंजवर रंगीत फिती लावलेल्या असतात आणि खेळाडू एक डोळा त्यांच्यावर ठेवतो. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, जमिनीवर हवा लहरू लागते, आणि काळा गोल जिथे आहे तिथे दिसतच नाही. खानदेशात उघड्या मैदानावरचा सराव पहाटे आणि थंडीत.

महाराष्ट्राने या खेळात जे मिळवलं त्याची सुरुवातही एनसीसीच्याच वाटेने झाली. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीच्या छात्र होत्या. तिथून त्या वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर आल्या. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत चाळीसपैकी चाळीस वेळा दहा घेऊन ४०० पैकी ४०० केले आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. दोघींचे गुरू संजय चक्रवर्ती. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून खेळायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली; ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला, एअर रायफलमध्ये.

नाशिकच्या भीष्मराज बाम यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने योग आणि एकाग्रता यांची नेमबाजीशी सांगड घातली, अंजली भागवतांसह अनेकांना घडवलं आणि 'विजयाचे मानसशास्त्र' लिहिलं. गुण मोजणारं मन आणि फायर करणारं मन एका वेळी चालत नाही, हे मराठी माणसाला मराठीत सांगणारे ते होते.

आणि १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पात्रता फेरीत ५९० गुण आणि सातवा क्रमांक, म्हणजे आठांत जेमतेम. अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि झोपून मिळून ३१०.१, तेव्हा तो पाचवा. पुढचं उभं राहून. थ्री पोझिशनमध्ये माणूस ढासळतो तो इथेच, आणि स्वप्नील इथेच वर चढला. शेवटी ४५१.४. त्याची प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेली. तेव्हा तो नोकरीला मध्य रेल्वेत होता, तिकीट तपासनीस. पाचोरा जंक्शनवर रोज जी रेल्वे थांबते तीच.

कांबळवाडीही खेडंच आहे. स्वप्नील घरून क्रीडा प्रबोधिनीत गेला, नाशिकला राहून शिकला, मग पुण्यात बालेवाडीला. पाचोऱ्याच्या मुलीला आज तेवढंच करावं लागेल: घर सोडावं लागेल. शालेय स्पर्धांत आपल्या तालुक्यांतून उघड्या खाचेच्या ओपन साइटला मुलं उतरतात, पण पीप साइटकडे, म्हणजे भोकाच्या साइटकडे, वळायच्या वेळी त्यांना हात धरून शिकवणारं जवळ कुणी नसतं, आणि बहुतेकांचा खेळ तिथेच थांबतो.

दहा मीटरच्या रेंजला लागतं तरी काय? पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद दालन. शाळेचं सभागृह चालतं, बंद पडलेल्या जिनिंगची शेड चालते. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पोलादी भिंत, आडव्या वाटेने कुणी आत येणार नाही असा एकच दरवाजा, लक्ष्यावर १५०० लक्स उजेड, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. ठरावीक मर्यादेतल्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं महाग आहेत, पण सुरुवात कागदावर होते. नगरपालिका, एखादी शिक्षण संस्था आणि जिल्हा क्रीडा कार्यालय एकत्र बसले तर हा खर्च त्यांना झेपेल. क्रम मात्र उलटा नको. आपल्याकडे आधी इमारत, मग उद्घाटन, मग महागडी आयात रायफल काचेच्या कपाटात. आधी प्रशिक्षक आणा, महिन्यातून दोन शनिवार-रविवार का होईना, पुण्या-नाशिकहून. मग दोन साध्या पीप साइट रायफली, लहान मुलांना उचलतील अशा वजनाच्या. मग छर्रे, भरपूर छर्रे. आणि प्रत्येक मुलाला एक वही द्या, रोजचा ग्रुप मिलिमीटरमध्ये मोजून लिहायला.