पाच सामन्यांचा हंगाम, बावीस सामन्यांचा हंगाम

आजचा विषय महिला फुटबॉलचा हंगाम. रांजणगावात हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर आधी एवढंच सांगतो, की हंगाम म्हणजे काय हे शिरूर-दौंडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा फिरतो आणि उन्हाळा लागेपर्यंत फिरत राहतो. ऊसतोड कामगाराला आधी उचल मिळते, कारण पुढे पाच-सहा महिने काम आहे हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. उद्या कुणी म्हणालं, यंदा गाळप फक्त अठरा दिवस, तर उचल कोण देईल? आणि त्या भरवशावर घरदार सोडून कोण येईल?

पुण्याच्या मुलींनी असा अठरा दिवसांचा हंगाम खेळलेला आहे.

साल २०१७. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं महिलांची पहिली राष्ट्रीय लीग सुरू केली, इंडियन वुमेन्स लीग. अंतिम टप्प्यात सहा संघ होते: मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, कटकचा रायझिंग स्टुडंट क्लब, तमिळनाडूचा जेप्पियार, मिझोरामचा ऐझॉल एफसी, हरियाणाचा अलखपुरा एफसी आणि आपला एफसी पुणे सिटी. पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांपैकी या स्पर्धेत महिला संघ उतरवणारा तेव्हा पुणे सिटी हा एकटाच. ही गोष्ट पुण्याच्या बाजूनं नोंदवलीच पाहिजे.

आता हिशेब बघा. २८ जानेवारीला सुरुवात, १४ फेब्रुवारीला अंतिम सामना. सगळं दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदाच खेळणार, म्हणजे प्रत्येकी पाच सामने. पुणे उपांत्य फेरीत पोचलं नाही. म्हणजे पुण्याच्या मुलींचा लीगमधला वर्षाचा हंगाम पाच सामन्यांत आटोपला, आणि त्यातला एकही पुण्यात नाही. मावशीला, शाळेतल्या बाईंना, गल्लीतल्या पोरांना मैदानाच्या कडेला बसून तो बघता आला नाही. ईस्टर्ननं अंतिम सामन्यात रायझिंगला ३-० हरवून चषक नेला.

मी टीका करतोय असं समजू नका. काहीच नव्हतं तिथं काहीतरी उभं राहिलं. पण एका गावात सगळ्यांना जमवून अठरा दिवसांत उरकायचं, याला आपण जत्रेतला आखाडा म्हणू. तिथं उत्तम कुस्ती होते, इनाम मिळतं, नावही होतं. पण आखाड्यावर वर्ष निघत नाही. शिवाय एखाद्या मुलीचा घोटा दुसऱ्या सामन्यात मुरगळला तर ती बरी होईपर्यंत स्पर्धाच संपलेली असते.

आता जरा जर्मनीत जाऊ. तिथल्या फ्राउएन-बुंडेसलीगाचा २०२२-२३ चा हंगाम मुद्दाम निवडलाय. संघ १२. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या गावात. म्हणजे प्रत्येकी २२ सामने, एकूण १३२. सुरुवात १६ सप्टेंबरला, शेवट २८ मे रोजी. साडेआठ महिने!

या लांबीमुळे काय होतं ते बघा. ऑक्टोबरात वोल्फ्सबर्गनं बायर्न म्युनिकला २-१ हरवलं. छोट्या स्पर्धेत बायर्नचा खेळ तिथंच खलास झाला असता. पण इथं पुढे सगळा हिवाळा पडलेला. मार्चअखेर म्युनिकमध्ये परतीचा सामना झाला, शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी मिळाली, जॉर्जिया स्टॅनवेनं गोल केला आणि बायर्ननं १-० नं तो जिंकला. तरी निकाल लागला तो थेट शेवटच्या दिवशी: बायर्न ५९ गुण, वोल्फ्सबर्ग ५७. सर्वाधिक १६ गोल केले वोल्फ्सबर्गच्या अलेक्झांड्रा पोपनं. आणि हे वोल्फ्सबर्ग म्हणजे फोक्सवॅगनचं गाव, क्लबचा फुटबॉलही त्याच कंपनीच्या मालकीचा. शिक्रापूरहून चाकणला जाणाऱ्यांना कंपनीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

प्रेक्षकांचं काय? त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, जुलै २०२२ मध्ये, जर्मनीचा महिला संघ युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून २-१ हरला होता. पण हरलेल्या संघानं गर्दी मात्र घरी आणली. आदल्या हंगामात सामन्याला सरासरी आठशेच्या आसपास माणसं येत, ती या हंगामात २,७२३ वर गेली. एप्रिलमध्ये कोलोनला फ्रँकफुर्टविरुद्ध ३८,३६५ लोक आले, लीगच्या इतिहासातला तोवरचा उच्चांक.

सरासरीवर मात्र फार विसंबू नका. कोलोनचा हा सामना, फ्रँकफुर्टचा २३ हजारांचा सलामीचा सामना, वोल्फ्सबर्गचा २१ हजारांचा आणि म्युनिकचा २० हजारांचा, हे चार बाजूला काढले तर उरलेल्या १२८ सामन्यांची सरासरी दोन हजारांच्या आसपास येते. तरीही ती आधीच्या दुपटीहून जास्त आहे, हे खरं. आणि टीव्हीवाल्यांनी ते हेरलं. पुढच्या हंगामापासून प्रक्षेपणाच्या हक्कांचे वर्षाला पन्नास लाखांहून अधिक युरो मिळू लागले, आधीच्या जवळजवळ सोळापट.

जर्मनी पहिल्यापासून पुढे होती, असं मात्र नाही बरं का. १९५५ साली जर्मन फुटबॉल संघटनेनं महिलांच्या फुटबॉलवर बंदीच घातली होती. सभासद क्लबांनी बायकांना मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचे नाहीत. ही बंदी उठली १९७० च्या ऑक्टोबरात. जर्मन महिला संघाचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १९८२ च्या नोव्हेंबरातला. आणि भारत? आपल्याकडे महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ १९७५ मध्ये निघाला आणि १९८० साली कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता. म्हणजे जर्मन मुली देशासाठी पहिला अधिकृत सामना खेळायच्या आधी आपल्या मुली आशियात दुसऱ्या आल्या होत्या. १९८३ मध्ये पुन्हा दुसऱ्या. मग फरक कुठे पडला? त्यांनी १९९० मध्ये लीग सुरू केली, आधी उत्तर आणि दक्षिण असे दोन गट, १९९७ पासून एकच. आपली २०१७ मध्ये. सत्तावीस वर्षं. आपल्या मुली कमी पडल्या नव्हत्या, त्यांना हंगामच नव्हता.

लांब हंगामाला खर्च लागतो आणि तो सगळ्यांना पेलत नाही, हेही त्याच २०२२-२३ मध्ये दिसलं. टर्बिने पोट्सडाम हा पूर्व जर्मनीतला, १९७१ पासूनचा, खास महिलांच्या फुटबॉलचा क्लब. पुरुषांच्या मोठ्या क्लबाचा हात डोक्यावर नाही. तरी सहा वेळा बुंडेसलीगा जिंकलेला, दोनदा युरोपचा विजेता. त्या हंगामात त्यांना मिळाले फक्त आठ गुण. शेवटच्या दिवशी बायर्ननं ११-१ नं हरवलं आणि पोट्सडाम खालच्या लीगमध्ये गेलं. मोठ्या क्लबांचा पैसा आला की असंही होतं.

आपल्याकडे उलटी गत. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंदच पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पुरुषांच्या क्लबाच्या आधारावर मुलींचा संघ उभा करायचा, तर तो वासा किती पक्का आहे हेही बघायला हवं.

पुढे आपली लीगही सुधारली. २०२३-२४ मध्ये पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने झाले. सात संघ, प्रत्येकी बारा सामने, डिसेंबर ते मार्च. ओडिशा एफसी जिंकला. २०२४-२५ मध्ये आठ संघ, चौदा सामने, विजेता ईस्ट बंगाल. या दोन्ही हंगामांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मधल्या वर्षांत कोल्हापूर सिटी आणि मुंबईचे काही संघ खेळून गेले होते, पण घरच्या मैदानाचा हंगाम आला तेव्हा आपलं घरच नव्हतं.

एक चिठ्ठी आलीये: "आमच्या भागातल्या मुलीनं यात जावं का?" चांगला प्रश्न आहे. अलखपुराचं उदाहरण घ्या. भिवानी जिल्ह्यातलं ते एक गाव, आपल्यासारखंच शेतीचं. तिथल्या मुली शाळेच्या मैदानावर शिकल्या आणि गावाच्या नावाचा संघ पहिल्याच लीगमध्ये उपांत्य फेरीत गेला, पुण्याच्या पुढे. भारताकडून खेळलेली संजू यादव त्याच गावची. म्हणजे खेळाडू गावात तयार होतो, त्याबद्दल शंका नको. पुढची वाट अशी: राज्याची लीग, तिथून राष्ट्रीय लीगची दुसरी श्रेणी, मग पहिली.

आणि पगाराचं म्हणाल, तर २०२३ मध्ये महासंघानं ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार द्यायचे. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या थोडे वर. इथल्या एमआयडीसीत कोणाला किती मिळतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, ताडून बघा. पण मुलीला पाठवण्याआधी आणखी एक आकडा लक्षात ठेवा. आठ संघ, प्रत्येकी दहा. या नियमानं पगाराची हमी मिळते ती सबंध देशात ऐंशी मुलींना.