मुलचेऱ्याच्या डोक्यावर फुटलेला तारा

४ जुलै १०५४. चिनी राजज्योतिषांनी वृषभ राशीत एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तेवीस दिवस तो भरदिवसा दिसला, रात्री जवळपास दोन वर्षं. भारतात त्याची नोंद सापडते का, म्हणून जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुने ग्रंथ धुंडाळले. निर्विवाद उल्लेख हाती लागला नाही. पावसाळ्यावर खापर फोडावं, तर तारा पुढे दोन हिवाळे आकाशात होताच! आणि पाहायला इथे माणसंही होती: गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याशेजारच्या चामोर्शी तालुक्यातली मार्कंड्याची देवळं साधारण त्याच शतकांतली.

त्या ताऱ्याचे अवशेष म्हणजे क्रॅब नेब्युला. अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण कॅमेरा प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. सगळी गंमत यातच आहे.

त्याचा फोटो घ्यायला साधा डीएसएलआर, २०० मिलिमीटरची लेन्स आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने कॅमेरा हळूहळू वळवणारा ट्रॅकर पुरतो. ट्रॅकर नसेल तर तारे रेघांसारखे ओढले जातात. एकेका मिनिटाचे शंभर फोटो घेऊन सॉफ्टवेअरने एकावर एक रचले, की त्यातली दाणेदार खरखर दहापट कमी होते. मिळतो तो लहानसा लांबट ठिपका, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढा. त्यातली लाली हायड्रोजनच्या तंतूंची. कॅमेऱ्यातला फिल्टर ती बरीचशी अडवतो. मधला निळसर उजेड सहज येतो. सेकंदाला तीस गिरक्या घेणारा ताऱ्याचा गाभा आजही त्याला ऊर्जा पुरवतोय. मोठ्या दुर्बिणीतून दहा वर्षांच्या अंतराने फोटो काढले तर हा ढग पसरलेला चक्क मोजता येतो. वेग सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर!

२०२४ साली पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. शहरातले हौशी आता काळोखासाठी तिकडे गाड्या हाकतात. मुलचेऱ्याला तो अंगणात मिळतो. शिवाय क्रॅब इथे जवळजवळ माथ्यावर येतो, दोन-अडीच अंशच उत्तरेला. म्हणजे मधली हवा सर्वांत कमी.

वाघ आणि हत्तींच्या या मुलखात त्यासाठी रानात शिरू नका, घराची गच्ची बास. लेन्सवर दव धरतं, कापड जवळ ठेवा. डिसेंबरातली अमावास्या गाठा. महिन्याच्या मध्याला क्रॅब बरोबर मध्यरात्री माथ्यावर असतो.