गॅदरिंगची डीव्हीडी आणि ४.७ जीबीचा हिशेब

२००७ च्या गॅदरिंगची एक फाईल आपल्या होस्टेलवर या पेनड्राइव्हवरून त्या पेनड्राइव्हवर फिरत असते. त्या वर्षी मेसच्या मामांनी स्टेजवर भारूड म्हटलं होतं, ते त्यात आहे. पण आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि मामांच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चार-सहा चौकोन हलताना दिसतात. "तेव्हाचे कॅमेरेच तसले होते" असं म्हणून आपण सोडून देतो.

कॅमेऱ्यावरचा हा आरोप साफ खोटा! मूळ डीव्हीडी यंदा जिमखान्याच्या कपाटात सापडली. जिथे ती नीट चालते तिथे मामांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसतो. दोन ठिकाणी मात्र अडकते, कारण चरे पडलेत. म्हणजे नुकसान दोन प्रकारचं झालं. एक चऱ्यांमुळे, आणि दुसरं कुणीतरी दोन तासांचा कार्यक्रम ३५० एमबीत कोंबला म्हणून. गंमत अशी, की यातलं पहिलं बऱ्याच वेळा भरून निघतं, दुसरं कधीच निघत नाही. ते का, आणि कॉपी कशी करावी, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी थोडी थिअरी

आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं, सेकंदाला २५ चित्रं. हे कच्चंच साठवायचं म्हटलं तर सेकंदाला साधारण १२४ मेगाबिट लागतील. साध्या, एका थराच्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. दोन तासांवर भागून बघा, सेकंदाला जेमतेम ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. म्हणजे डीव्हीडीवर येतानाच चित्र चोवीसपट आवळलेलं असतं! हे काम एमपेग-२ करतं. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडायचे, त्यातले बारकावे आकड्यांत मांडायचे आणि ते आकडे राउंड-ऑफ करायचे.

मेख या राउंड-ऑफमध्येच आहे. ३४७ चे ३५० केले, की नुसत्या ३५० कडे बघून मूळ आकडा ३४७ होता की ३५२, हे कुणालाही सांगता येणार नाही. आता हीच फाईल पुन्हा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आवळली, तर आधीच राउंड-ऑफ झालेले आकडे नव्या मापाने परत राउंड-ऑफ होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर सिनियरच्या नोट्सचं जे होतं, तेच इथे होतं.

तेव्हाच्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. होस्टेलच्या पीसीला ८० जीबीची हार्ड डिस्क, त्यात सगळ्या विंगचे सिनेमे. ३५० एमबी ही त्यांची गरज होती. पण आज १ टीबीच्या डिस्कवर अशा दोनशेहून जास्त डीव्हीडी जशाच्या तशा मावतात. गरज संपली, सवय तेवढी राहिली.

पायरी पहिली : जशीच्या तशी कॉपी

कॉपी म्हटल्यावर लगेच कन्व्हर्टर उघडू नका. आधी डिस्कची बिट-टू-बिट प्रत, म्हणजे आयएसओ फाईल बनवा. त्यात मेन्यू, चॅप्टर, चित्र, आवाज सगळं मूळ स्वरूपात येतं आणि दर्जा रतीभरही कमी होत नाही.

डिस्कला चरे असतील तर साधी कॉपी मध्येच एरर देऊन थांबते. तिथे हार मानू नका. आधी डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डीव्हीडीतली चूक-दुरुस्तीची यंत्रणा (रीड-सॉलोमन कोड, डिजिटल कम्युनिकेशनला आहे बघा!) छोटे खड्डे भरून काढते. पण ट्रॅकच्या दिशेने लांब चरा पडला, तर सलग डेटा जातो आणि तिचाही नाइलाज होतो.

मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकटचा प्रोग्रॅम वापरा. तो आधी चांगला भाग पटापट वाचून घेतो, अडलेला भाग मागे ठेवतो आणि शेवटी त्याच्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. सेक्टर साइझ २०४८ द्यायला विसरू नका. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं, याची नोंद तो मॅप फाईलमध्ये ठेवतो. म्हणून तीच डिस्क उद्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर वाचता येतात. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं. म्हणून लॅबमधला भंगारात निघालेला जुना ड्राइव्ह टाकू नका!

आयएसओ झाली की तिचा एसएचए-२५६ चेकसम काढून टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा. पुढे कधीही कॉपी केली की तो पुन्हा काढून जुळवायचा. एक अक्षर जरी वेगळं आलं, तरी फाईल बदलली आहे असं समजा.

पायरी दुसरी : बघण्यासाठीची प्रत

आयएसओ मोबाईलवर चालवणं कटकटीचं असतं, हे मान्य. त्यासाठी मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅमने तेच चित्र आणि तोच आवाज नुसता एमकेव्हीच्या डब्यात भरा. डबा बदलतो, आतली भाजी तीच राहते. लहानच फाईल हवी असेल तर हँडब्रेक वापरा, पण तीन गोष्टी सांभाळा.

एक, साइझ ठरवून देऊ नका, क्वालिटी ठरवा. डीव्हीडीच्या चित्राला आरएफ १८ ते २२ मध्ये ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. आणि ७२० × ५७६ चं फुल एचडी करायच्या फंदात पडू नका. नसलेले बारकावे त्यातून येत नाहीत, फाईल मात्र फुगते.

दोन, इंटरलेसिंग. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं चित्र बहुधा सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं, एकात सम ओळी आणि पुढच्यात विषम. ती तशीच जोडली, की नाचणाऱ्याच्या हातापायांना फणीचे दात फुटतात. डीइंटरलेस करताना 'बॉब' पर्याय घ्या, म्हणजे ५० च्या ५० हालचाली टिकतात. लेझीम २५ वर आणली तर ती अडखळल्यासारखी दिसते.

तीन, आकार. ४:३ असो वा १६:९, डीव्हीडीवर दोन्ही ७२० × ५७६ मध्येच असतात. कुठलं कसं ताणायचं, हे एक छोटी खूण सांगते. ती हरवली की माणसं एकतर उभट नाहीतर फुगलेली दिसतात. कॉपी झाल्यावर स्टेजवरचं गोल घड्याळ गोलच दिसतंय ना, ते बघा.

आवाजाला हात लावू नका

डीव्हीडीवरचा आवाज बहुतेक वेळा एसी-३ मध्ये असतो. १९२ केबीपीएसने दोन तासांचा आवाज होतो सुमारे १७३ एमबी. तो १२८ च्या एमपी३ मध्ये केला तर वाचतात ५८ एमबी, म्हणजे मोबाईलवरचे दहा-बारा फोटो! एवढ्यासाठी मामांचा आवाज विहिरीत ढकलायचा? सेटिंगमध्ये 'पासथ्रू' निवडा, आवाज आहे तसा येईल. आवाज एलपीसीएम असेल तर जागा जास्त खातो, तेव्हा फ्लॅक करा. त्यात साइझ कमी होते आणि हरवत काहीच नाही.

जाता जाता एक सांगतो. हे सगळं आपल्या स्वतःच्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर बहुधा कुलूप असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी कुलपं तोडण्याविरुद्ध ६५-अ हे कलम आलं आहे.

घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये डेटा रंगाच्या थरावर लिहिलेला असतो, आणि ऊन-उष्णतेने तो थर खराब होतो. जिमखान्याचं कपाट पश्चिमेच्या खिडकीखाली आहे. आत अजून बऱ्याच वर्षांच्या डिस्क आहेत, आणि त्यातल्या कितीकांची दुसरी प्रत कुठेच नाही. तेव्हा सबमिशन संपल्यावर एखादा रविवार काढा. आयएसओच्या दोन प्रती करायच्या, एक लायब्ररीत आणि एक दुसऱ्या इमारतीत. मामा या वर्षी रिटायर होताहेत. त्यांना निरोप देताना पडद्यावर चौकोन दाखवायचे नसतील, तर कपाटाची किल्ली जिमखान्याच्या ऑफिसात मिळते.