चूल न पेटवता चटणी

घरी पाव्हणे यायचे आहेत. चूल पेटवायला सवड नाही. मग काय करावे? घरात आंबट दही आहे ना? झाले तर!

अर्धा किलो दही घ्या. धुतलेल्या पातळ फडक्यात बांधा आणि खुंटीला टांगा. खाली भांडे ठेवा. तीन-चार तासांत पाणी निथळते. फडक्यात उरतो तो चक्का. त्यात वाटलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि मीठ घाला. चांगले फेटा. वरून कोथिंबीर घाला. भाकरीशी खा, काकडीच्या फोडींशी खा.

निथळलेले पाणी फेकू नका. त्यात कणीक भिजवा.

आता एक गोष्ट ध्यानात धरा. ही चटणी चुलीवर चढत नाही. म्हणून जंतू मारायला विस्तव नाही. दही उकळलेल्या दुधाचेच हवे. हात, फडके, पाटा स्वच्छ हवेत. माशी बसू देऊ नका.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, ऊन फार. तिथे उन्हाळ्यात दही लवकर बिघडते. ते माठाजवळ गार जागी टांगा. फ्रीज असेल तर त्यात ठेवा. चटणी त्याच दिवशी संपवा.

पाव्हण्याला जेवण द्यावे, दुखणे देऊ नये.