क्लचची कॉइल आणि अर्ध्या मिलिमीटरची फट

सकाळी गाडीचा एसी झकास चालतो. दुपारच्या उन्हात सिग्नलला दहा मिनिटं अडकलं की हवा कोमट येऊ लागते. संध्याकाळी पुन्हा गार. गॅरेजमध्ये याची दोन निदानं ठरलेली असतात: ‘गॅस कमी झालाय’ नाहीतर ‘मॅग्नेट क्लचची कॉइल वीक झालीय’. माझ्या जुन्या गाडीबाबत दोन्ही ऐकून झाली, गॅसही भरून झाला. मग एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनवर पुलीसमोरची प्लेट हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ढोसली. टक् आवाज झाला आणि कॉम्प्रेसर फिरू लागला. (वाचकांनी हे करून पाहू नये. एसी कितीही लाडका असला तरी फिरत्या पट्ट्यापेक्षा बोटं महाग.) कॉइल तुटलेली असती तर ढोसूनही काही झालं नसतं. मग बिघाड कुठे होता?

आधी रचना पाहू. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तीन भाग असतात. कॉइल कॉम्प्रेसरच्या अंगाला घट्ट बसवलेली असते, ती फिरत नाही. तिच्याभोवती पोकळ पुली बेअरिंगवर फिरते. आणि पुलीसमोर, शाफ्टला जोडलेली, पातळ स्प्रिंगांनी मागे ओढून धरलेली पोलादी प्लेट. पुली आणि प्लेट यांच्यात फट असते. गाडीगणिक आकडा बदलतो, पण बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपास. कॉइलला वीज मिळाली की प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरतो. वीज तोडली की स्प्रिंगा तिला सोडवून घेतात.

‘पुली फिरतेय म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे’ हा पहिला गैरसमज इथेच निकालात निघतो. इंजिन चालू असेपर्यंत पुली फिरतच असते. पाहायचं ते तिच्या समोरची प्लेट फिरते का. पुली फिरत असतानाही कॉम्प्रेसर थांबवण्याची ही सोय पूर्वी नव्हती. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला, पण कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा उतरवा.

‘वेढे वाढवले की मॅग्नेट पॉवरफुल होतो’

रिवाइंडिंगच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि शाळेच्या प्रयोगाने त्याला खतपाणी घातलंय. खिळ्याला तार गुंडाळा, वेढे वाढवा, टाचण्या जास्त उचलल्या जातात. प्रयोग खोटा नाही. पण त्यात बहुतेक अडथळा तारेला जोडलेल्या सेलच्या आतच असतो, त्यामुळे चार वेढे वाढल्याने करंट फारसा पडत नाही. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची, आणि अडथळा जवळजवळ सगळा कॉइलच्याच तारेचा.

हिशेब करून पाहू. समजा ४०० वेढे आहेत आणि रोध ३.६ ओहम. १२ व्होल्टला करंट ३.३३ अँपिअर. चुंबकाची ताकद ठरते वेढे गुणिले करंट यावर: सुमारे १,३३३. आता त्याच गेजच्या तारेचे ८०० वेढे घाला. तार दुप्पट लांब, रोध ७.२ ओहम, करंट निम्मा. गुणाकार पुन्हा १,३३३! बाहेरचे वेढे मोठ्या घेराचे, म्हणजे तार दुपटीहून लांब लागते, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमीच. वाढलेल्या वेढ्यांनी ओढ वाढत नाही, उष्णता मात्र ४० वॉटवरून २० वर येते. तोही फायदाच, पण गिऱ्हाईकाला सांगितलेला नव्हे.

मग तार जाड घ्यावी? दुप्पट छेदाची तार घेतली तर त्याच जागेत २०० वेढे मावतील. रोध ०.९ ओहम, करंट १३ अँपिअरच्या वर, गुणाकार दुप्पट. आणि उष्णता १६० वॉट. एवढ्याशा कॉइलला तेवढी सोसत नाही. त्याआधी बहुधा फ्यूजच उडेल. डिझायनरची खरी कसरत या दोन टोकांच्या मध्ये आहे: जागा ठरलेली, व्होल्टेज ठरलेलं आणि तारेवरच्या इनॅमलची सहनशक्तीही ठरलेली. एफ वर्गाचं इनॅमल १५५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, एच वर्गाचं १८० पर्यंत.

‘सकाळी चालते, दुपारी नाही, म्हणजे कॉइल खराब’

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, अंशामागे सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल इंजिनशेजारी आणि स्वतःच्या उष्णतेने १२० अंशांवर गेली की ५ ओहमची होते. करंट उरतो ७२ टक्के. ओढ मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती जवळजवळ निम्मी होते. हा बिघाड नाही. प्रत्येक निरोगी कॉइल असंच वागते आणि डिझायनर हे धरूनच चालतो.

त्याने धरलेली नसते ती रुंदावलेली फट. लोखंडातून चुंबकीय प्रवाह हवेपेक्षा हजारपटीच्या आसपास सहज जातो. म्हणजे अर्धा मिलिमीटर हवा ही चुंबकाच्या लेखी अर्धा मीटर लोखंडाइतकी लांब! कॉइलची बरीचशी ताकद एवढं अंतर ओलांडण्यातच खर्ची पडते. वर्षानुवर्षं घासून फट अर्ध्या मिलिमीटरची एक झाली, तर ओढ निम्मी नव्हे, पाव होते. (कॉइल आणि पुली यांच्यातल्या कायमच्या फटीही वाटेत असतात, म्हणून प्रत्यक्षात घट थोडी सौम्य, पण कल तोच.) आता दुपारची निम्मी ओढ आणि झिजेची पाव ओढ गुणून पाहा. आठवा हिस्सा. स्प्रिंगा जिंकतात, प्लेट जागची हलत नाही, आणि दोष कॉइलच्या माथी.

दांड्याने ढोसल्यावर ती का पकडते हेही यातून कळतं. फट एकदा मिटली की तीच कॉइल, तोच करंट, पण ओढ कितीतरी पट जास्त. पकडायला जेवढं लागतं त्याच्या थोड्याशा भागावर धरून ठेवता येतं. स्टार्टरच्या सोलेनॉइडमध्ये तर यासाठी दोन वेगळ्या कॉइल असतात. एक ओढणारी, दणकट करंट खाणारी. दुसरी धरून ठेवणारी, काटकसरी. सोलेनॉइडचा दांडा आत जाऊन मोटरचा संपर्क जुळला की ओढणारीच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि ती आपोआप गप्प बसते. वेगळा स्विच नाही, सर्किट नाही. इतकी देखणी युक्ती मी यंत्रांत फार कमी पाहिली आहे.

‘त्या वाकड्या खाचा हवा लागण्यासाठी’

पुलीच्या तोंडावर आणि प्लेटवर केळ्याच्या आकाराच्या खाचा असतात. त्या थंडाव्यासाठी आहेत, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. खाच म्हणजे लोखंडात मुद्दाम घातलेला अडसर. पुलीतून सरळ जाऊ पाहणाऱ्या प्रवाहाला समोर खाचेची रुंद हवा आडवी येते. त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरवरच्या प्लेटवर उडी मारणं त्याला सोपं. प्लेटवरही पुढे खाच आहेच, की पुन्हा पुलीवर. असा तो वळवळत जातो आणि फट दोनाऐवजी चार किंवा सहा वेळा ओलांडतो. प्रत्येक उडीच्या जागी ओढ लागते. फटीत एक टेस्लाचं क्षेत्र असेल तर चौरस सेंटीमीटरला साधारण चार किलो वजनाइतकी. एकाच प्रवाहाकडून अनेकदा काम करून घ्यायचं, त्यासाठी या खाचा.

ही ओढ कॉम्प्रेसरला फिरवत मात्र नाही. ती फक्त दाबते. फिरवतं ते घर्षण. म्हणून शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटवर आलं तर ठणठणीत कॉइल असूनही क्लच घसरतो, घसरून लाल होतो आणि त्या आचेने कॉइल खरोखर जळते. काही कॉइलींत यासाठी थर्मल फ्यूज दडवलेला असतो. जळलेली कॉइल पाहून नवी टाकली आणि तेल तसंच ठेवलं, तर नवीही त्याच वाटेने जाते.

‘वायर उलट्या लावल्या तर प्लेट ढकलली जाईल’ ही भीती अनाठायी आहे. ध्रुव उलटले तरी लोखंड ओढलंच जातं. जपायचं ते कॉइलला समांतर जोडलेल्या डायोडला. वीज तोडताना कॉइल उसळी मारते, ती डायोड पोटात घेतो, नाहीतर रिलेचे पॉइंट जळतात. हा डायोड उलटा बसला तर थेट शॉर्ट.

आणि ‘टक् आवाज नाही म्हणजे क्लच मेला’ हे आता सगळ्या गाड्यांना लागू नाही. अनेक नव्या कॉम्प्रेसरांना क्लचच नसतो. शाफ्ट कायम फिरतो आणि आतल्या तिरक्या चकतीचा कोन एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलत राहतो. इलेक्ट्रिक गाडीत तर पट्टाच नाही, कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते.

माझ्या गाडीत मात्र जुनाच क्लच होता. मिस्त्रींनी फिलर गेज घातला तर एक मिलिमीटरची पातीही सैल गेली. मधला बोल्ट काढून त्यांनी प्लेट उतरवली. शाफ्टवर फट ठरवणाऱ्या तीन पातळ चकत्या, म्हणजे शिम, होत्या. त्यातल्या दोन काढून प्लेट परत बसवली. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली. काढलेल्या शिम त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या आणि सांगितलं, ‘आता एकच उरलीय. तीही काढायची वेळ आली की पुढच्या खेपेला प्लेट आणि पुली बदलू. कॉइल राहू दे.’