मुलांचे सांधे आणि सुईचा उपाय

लहान मुलाचा गुडघा दुखतो म्हटले की आपल्या घरांत प्रथम त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो. शाळा चुकवण्याचे निमित्त म्हणून आधी दटावणी, मग तेलाचे मालीश, मग हाडवैद्य, क्वचित देवाला कौलही! एवढे सारे होईपर्यंत सांधा सुजलेला असतो आणि सकाळी उठताना पाय सरळ होत नाही. अशा मुलाला घेऊन मोठ्या शहराची वाट धरणाऱ्या पालकांना आता एका नव्या उपायाची ओढ वाटू लागली आहे. चिरफाड न करता, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, सुईवाटे सांध्याकडे जाणारी मज्जातंतूची शाखा बधिर करावयाची किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करावयाची. बहुधा त्याच दिवशी घरी परतता येते.

या उपायाचे आम्ही विरोधक नाही. कर्करोगाने हाड पोखरलेल्या मुलाला यातून चार रात्री सुखाची झोप लाभत असेल, तर त्यास आक्षेप कोण घेईल? परंतु गुडघ्याच्या नसा उष्णतेने निकामी करण्याचा अनुभव मुख्यतः झिजलेल्या गुडघ्यांच्या प्रौढांवरचा आहे, आणि तेथेही नस पुन्हा वाढते व आराम काही महिन्यांचाच ठरतो. मुलांबाबतचा पुरावा फार तुटपुंजा आहे. शिवाय या नसा हाडे वाढवणाऱ्या कूर्चेच्या अगदी निकट असतात, हे विसरून चालणार नाही.

त्याहून मोठा धोका निराळा आहे. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी सांध्याची सूज हा बालसंधिवात असू शकतो. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे व आता जैविक औषधे त्याला आवर घालतात. नस बधिर केली तर दुखणे थांबेल, पण दाह आत सांधा खातच राहील. याच आजारात पुष्कळ मुलांच्या डोळ्यांतही दाह होतो, तोही डोळा लाल न होता. तपासणीवाचून तो कळतच नाही.

वेदनाशमनाच्या इतिहासात हैदराबादचे नाव फार जुने आहे. निजामाच्या पैशाने १८८८ व १८८९ साली तेथे क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी ठासून सांगितले की, श्वासावर लक्ष ठेवले तर हृदयाला भय नाही. माणसे मात्र क्लोरोफॉर्मखाली अकस्मात दगावतच होती. अखेर १९११ साली लेव्ही या इंग्रज डॉक्टरने हलक्या गुंगीतही हृदयाचा ठोका बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे सिद्ध केले. लॉरी लबाड नव्हते. आपल्या उपायावर त्यांचा फार विश्वास होता, इतकेच.

त्याच शहरात आज निजाम्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. पालकांनी आधी अशा विभागाची पायरी चढावी. सुईसाठी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: रोगाचे निदान काय? मुलाचे डोळे तपासले काय? आराम किती महिने टिकेल, आणि या वयाच्या किती मुलांवर आपण हे केले आहे? ज्या डॉक्टरांना हे प्रश्न रुचणार नाहीत, त्यांच्या टेबलावर आपले मूल झोपवण्याची घाई करू नये.