विस्मृत तबकड्यांचे पुनरुज्जीवन

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांत पॉप गाण्यांचा गोंगाट घुमू लागतो. परंतु त्या संगीताच्या मुळाशी असलेल्या एका साध्या, उदास आणि तरीही ताठ मानेच्या गानप्रकाराचा परिचय फार थोड्यांना असतो. तो प्रकार म्हणजे ‘ब्लूज’. आज तो जगभर ऐकला जातो याचे श्रेय मूळ गायकांच्या बरोबरीने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संकलनांनाही द्यावे लागेल. निरनिराळ्या काळी निघालेली गाणी निवडून एकत्र काढणे, हे वरवर पाहता जुना माल नव्या वेष्टनात विकण्यासारखे वाटते. पण ब्लूजच्या बाबतीत या संकलनांनी इतिहास वाचवला आणि काही अंशी तो वाकवलाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तरी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या नशिबी दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणे आणि वर्षाअखेर कर्जातच राहणे हे चुकले नाही. त्यांच्या श्रमगीतांतून आणि प्रार्थनागीतांतून विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लूज आकारास आला. त्याची रचना सोपी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. बहुधा चार-चार मात्रांच्या बारा खंडांत कडवे पुरे होते.

१९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका अफाट खपली. कृष्णवर्णीय लोकही तबकड्या विकत घेतात, हे कंपन्यांना तेव्हा उमगले. मग त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या मालिका निघाल्या. गायकाला बहुधा ठराविक रक्कम हातावर ठेवली जाई आणि विक्रीतला वाटा मिळत नसे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ती बनत असे लाखेपासून, आणि ही लाख मुख्यतः आपल्या भारतातून जाई. १९२९ नंतरच्या मंदीत हा धंदा कोसळला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून वितळवण्यात आल्या. गाणी अशी अक्षरशः कच्चा माल झाली.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि संकलनाची वाट मोकळी झाली. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ या छांदिष्ट संग्राहकाने आपल्या साठ्यातून ८४ ध्वनिमुद्रणे निवडली. फोकवेज कंपनीने ती सहा तबकड्यांवर ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ या नावाने काढली. त्यात गोऱ्या आणि काळ्या गायकांची गाणी शेजारी शेजारी होती आणि कोण कोणत्या वर्णाचा, हे स्मिथने मुद्दामच लिहिले नव्हते. बाजाराने आखलेली रेघ एका संग्राहकाने पुसली.

या संकलनात मिसिसिपी जॉन हर्ट यांची दोन गाणी होती. १९२८ मधील ध्वनिमुद्रणानंतर ते शेतीकडे परतले होते. त्यांच्या ‘अ‍ॅव्हेलॉन ब्लूज’ या दुसऱ्या एका गाण्यात गावाचे नाव होते. तेवढ्या धाग्यावरून १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण त्या खेड्यात पोहोचला, तो हर्ट तिथेच राहत होते! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात ते हजारो श्रोत्यांपुढे गायले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. पस्तीस वर्षांच्या मौनानंतर त्यांना तीन वर्षांचा मान मिळाला.

रॉबर्ट जॉन्सनला तेही लाभले नाही. १९३६ आणि १९३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित करून १९३८ मध्ये तो वारला. १९६१ मध्ये कोलंबियाने त्याच्या १६ ध्वनिमुद्रणांचे संकलन काढले. ते ऐकून एरिक क्लॅप्टन आणि कीथ रिचर्ड्स यांच्यासारखे इंग्रज तरुण भारावले आणि रॉक संगीताला नवे वळण लागले.

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. ब्लूजच्या पहिल्या लोकप्रिय गायिका मेमी स्मिथ, मा रेनी, बेसी स्मिथ या स्त्रिया होत्या. नंतरच्या संग्राहकांना मात्र एकटा गिटारवाला पुरुषच ‘खरा’ ब्लूज गायक वाटला. जॉन्सनच्या तबकड्या त्याच्या हयातीत फारशा खपल्या नव्हत्या, तरी तोच ब्लूजचा राजा ठरला. निवडणाऱ्याची आवड हाच पुढच्या पिढीचा इतिहास होतो, तो असा.

ज्यांच्या घरात पुस्तके नव्हती, गाणीच होती, अशा घरातून महाविद्यालयात आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न केवळ संगीताचा वाटत नाही. लिहिता न येणाऱ्या माणसांचा इतिहास त्यांच्या गळ्यात असतो. तो जपणाऱ्याने तो कोणाच्या गळ्यातला, कोणत्या गावचा, हेही नोंदवले पाहिजे. हर्ट पुन्हा सापडले ते एका गावाच्या नावामुळेच. म्हणून मित्रांनो, यापुढे एखादे संकलन ऐकताना त्यातली गाणी जरूर ऐका, पण त्यात कोण गाळले गेले आहे, हेही एकदा विचारा.